कांद्याची पट्टी सी आणि पायथॉनमधून: प्रोग्राम कुठल्या टप्प्यावर अडतो ते ओळखा

लासलगावच्या भुईकाट्यावर वजन किलोत मिळतं, पण लिलावात भाव निघतो तो क्विंटलला. म्हणून पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या विक्रीच्या बिलाचा, साधा हिशेब असा: वजन भागिले 100, गुणिले भाव. 1240 किलो कांदा आणि 1850 रुपये भाव धरा. सीमध्ये दोन्ही आकडे इंट (पूर्णांक) म्हणून ठेवून हे सूत्र जसंच्या तसं लिहिलं तर उत्तर येतं 22200. पायथॉन 3 मध्ये तेच सूत्र 22940.0 देतं. शेतकऱ्याचे 740 रुपये गेले आणि कंपायलरने (सीचा मजकूर मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामने) ब्रही काढला नाही.

कारण सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक टाकून दिला जातो: 1240 भागिले 100 म्हणजे 12, वरचे 40 किलो गायब. हा दोष कंपाइल करण्याचा आहे असं समजू नका. पायथॉन 2 इंटरप्रिटेड (मशीनच्या भाषेत आधी न नेता इंटरप्रिटर या प्रोग्रामकडून चालवली जाणारी) असूनही पूर्णांकांच्या भागाकारात हेच करायचा. नियम भाषेचा असतो, कंपायलर फक्त तो पाळतो. दुरुस्ती अशी: आधी गुणा, मग भागा, किंवा 100 ऐवजी 100.0 लिहा. 100.0 लिहिलंत तर छापताना टक्के-डी (पूर्णांक छापायची खूण) बदलून टक्के-एफ (दशांश छापायची खूण) करायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर भलताच आकडा येईल. वजा डब्ल्यू-ऑल हा पर्याय देऊन कंपाइल केलं तर जीसीसी हा सीचा कंपायलर याचा इशारा देतो. हा पर्याय कायम लावूनच ठेवा.

आता हाच प्रोग्राम एकेका टप्प्यावर थांबवून बघू. उबुंटू या लिनक्सवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं की जीसीसी येतो. फाइलचं नाव पट्टी डॉट सी. (नावं आणि कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची. पर्यायांत लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो.)

पहिला टप्पा प्रीप्रोसेसरचा: तो इन्क्लूडच्या ओळींच्या जागी त्या त्या फाइलींचा मजकूर आणून ठेवतो. वजा मोठा ई हा पर्याय द्या आणि निकाल पट्टी डॉट आय या फाइलमध्ये घ्या. तुमचा दहा ओळींचा प्रोग्राम शेकडो ओळींचा झालेला दिसेल. एसटीडीआयओ डॉट एच ही अख्खी फाइल वर येऊन बसते, तुमचा मजकूर अगदी तळाला. टर्बो सी हा जुना कंपायलर समोर ठेवून लिहिलेल्या जुन्या नोट्समधले प्रोग्राम लिनक्सवर इथेच आपटतात: कोनिओ डॉट एच, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ती ओळ काढा, क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच काढा, व्हॉइड मेनचं इंट मेन करा. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये (जीसीसीच्या विंडोज रूपात) कोनिओ सापडते, पण क्लिअरस्क्रीन मिळत नाही, त्यामुळे तिथे तक्रार उशिरा येते.

दुसरा टप्पा खरं कंपायलेशन: वजा मोठा एस, निकाल पट्टी डॉट एस. या फाइलीत मशीनच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा रूपात (असेंब्लीत) असतात. विसरलेला अर्धविराम, न जुळणारा कंस, जाहीर न केलेलं व्हेरिएबल या चुका इथे पकडल्या जातात. एकदम 14 एरर आल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. बाकीच्या बहुधा तिचीच पिलावळ असते. फाइल उघडून भागाकाराची सूचना शोधलीत तर मात्र फसाल. इंटेल-एएमडीच्या मशीनवर 100 ने भागायच्या जागी 1374389535 ने गुणलेलं दिसेल. ही संख्या म्हणजे 2 चा 37 वा घात भागिले 100, वर गोळाबेरीज केलेली. गुणाकार केल्यावर 37 बिट उजवीकडे सरकवले की भागाकार मिळतो, आणि प्रोसेसरला भागाकारापेक्षा गुणाकार खूपच स्वस्त पडतो. पुढे वजा मोठा ओ 2 लावून बघा: आकडे प्रोग्राममध्येच लिहिलेले असतील तर हिशेबच उरत नाही, थेट 22200 हा आकडा लिहिलेला सापडतो. कंपायलरने तो आधीच करून ठेवलेला असतो, चुकीसकट.

तिसरा टप्पा असेंब्लरचा, वजा लहान सी. त्यातून पट्टी डॉट ओ मिळते. ही मशीनच्या भाषेत असते, पण चालत नाही, कारण छापण्याचं काम करणाऱ्या प्रिंटएफ या तयार फंक्शनचा पत्ता अजून रिकामा असतो. एनएम ही फाइलमधली नावं दाखवणारी कमांड या फाइलवर चालवली की प्रिंटएफसमोर यू हे अक्षर दिसतं. त्याचा अर्थ: नाव माहीत आहे, ठिकाण नाही.

ते ठिकाण भरायचं काम चौथ्या टप्प्यावर लिंकर करतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा मजकूर आला की तुमचं व्याकरण ठीक आहे, फंक्शनचा कोड सापडला नाही एवढंच. नेहमीचं उदाहरण वर्गमूळ काढणाऱ्या एसक्यूआरटीचं: मॅथ डॉट एच जोडली तरी शेवटी वजा एलएम द्यावं लागतं, आणि तेही फाइलच्या नावानंतर. फाइलच्या आधी दिलं तर अनेकदा काम होत नाही. गोंधळ वाढतो तो यामुळे की एसक्यूआरटीला थेट 2.0 दिलं तर वजा एलएमशिवायही भागतं, कारण उत्तर कंपायलरनेच काढून टाकलेलं असतं. प्रिंटएफचं स्पेलिंग चुकलं तर? जुना जीसीसी फक्त इशारा देऊन पुढे जायचा आणि लिंकरवर अडायचा. जीसीसी 14 पासून ती दुसऱ्याच टप्प्यावरची एरर झाली आहे.

हे चारही थांबे एकदम हवे असतील तर वजा सेव्ह-टेम्प्स द्या. चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लागते, कारण लिनक्स चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही.

पायथॉनकडे वळू. ‘इंटरप्रिटर एकेक ओळ वाचतो आणि चालवतो’ हे परीक्षेत लिहून गुण मिळत असतील, पण पायथॉन तसं करत नाही. प्रयोग करा. पहिल्या ओळीत काहीतरी छापा आणि शेवटच्या ओळीतला एक कंस काढून टाका. पहिली ओळसुद्धा छापली जाणार नाही, कारण आधी अख्ख्या फाइलचा बाइटकोड (मशीनच्या नव्हे, इंटरप्रिटरच्या सूचना) बनतो आणि मगच तो चालतो. आता कंस परत घाला आणि शेवटच्या ओळीत व्हेरिएबलचं नाव चुकवा. वरचं सगळं छापलं जाईल आणि मग नेम-एरर येईल. ती ओळ क्वचित खरी ठरणाऱ्या इफच्या आत असेल तर चूक महिनोन् महिने झोपून राहते, म्हणून असे कोपरे मुद्दाम चालवून बघायचे. न चालवता फक्त व्याकरण तपासायचं तर वजा एम पाय-कंपाइल, बाइटकोड बघायचा तर वजा एम डिस. पायकॅश नावाचा फोल्डर दिसला तर घाबरू नका: इम्पोर्ट केलेल्या फाइलींचा बाइटकोड तिथे साठतो, मुख्य फाइलीचा नाही. फोल्डर पुसला तरी पुन्हा बनतो.

जावा या दोन्हींच्या मधली. जावासी हा तिचा कंपायलर बाइटकोडची क्लास फाइल बनवतो, जेव्हीएम (जावा व्हर्च्युअल मशीन) ती चालवतं आणि वारंवार लागणारा भाग चालता चालताच मशीनच्या भाषेत नेतं. हा फरक जाणवून घ्यायचा तर मोठा लूप एकदा नेहमीसारखा आणि एकदा वजा एक्स-इंट (फक्त बाइटकोड चालवा, मशीनच्या भाषेत नेऊ नका) देऊन चालवा. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ दिसलं तर आकडा वाचा: 65 म्हणजे जावा 21, 61 म्हणजे जावा 17. नव्याने कंपाइल केलेली फाइल जुन्या जेव्हीएमवर चालवता आहात. डबल वजा रिलीज 17 देऊन पुन्हा कंपाइल करा.

राहिला प्रश्न फाइल इकडून तिकडे नेण्याचा. लॅबमधल्या उबुंटूवर बनलेली पट्टी पेन-ड्राइव्हने आणून मोबाइलमधल्या टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्ये चालवली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. लॅबचा प्रोसेसर एक्स86, मोबाइलचा आर्म, दोघांच्या सूचनाच वेगळ्या. पायथॉनची फाइल मात्र तशीच चालते, कारण तिथे आर्मसाठी बनवलेला पायथॉन हजर असतो. सीच्या बाबतीत पट्टी डॉट सी हीच फाइल न्या, टर्मक्समध्ये क्लँग हा सीचा कंपायलर टाका आणि तिथेच पुन्हा कंपाइल करा.