इंग्रजी शब्दाच्या पोटात दिसणारे शब्द: या चुका टाळा

मालवणजवळच्या आमच्या वाडीत मी मुलांचं इंग्रजी घेते. स्पेलिंग पाठ व्हावं म्हणून शब्द फोडून सांगायची पद्धत सगळीकडेच आहे, मॅन अधिक गो म्हणजे मँगो, आणि तेवढ्यापुरती ती चालते पण. घोळ पुढे होतो, कारण मुलं मग अर्थपण तसाच फोडायला लागतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते मुंगुसात. गूसचं अनेकवचन गीस, मग मोंगूसचं मोंगीस असणार, असं हुशार मुलंच लिहितात. बरोबर रूप आहे मोंगूसेस, कारण त्या शब्दात गूस नावाचा पक्षी कधी नव्हताच. तो आपला मराठी मुंगूस, पोर्तुगीजांच्या तोंडून १७व्या शतकात इंग्रजीत गेलेला. ज्या मुलीच्या परड्यात मुंगूस रोज फिरतं तिच्याच घरचा शब्द बाहेर जाऊन आला आणि परत येताना पक्षी होऊन आला, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा शब्द मी आता पहिल्याच दिवशी शिकवते.

दुसरा काजू. कॅश मिळते म्हणून कॅश्यू, असं पर्यटकांना सांगताना मी ऐकलंय. सांगू नका. झाड मूळचं ब्राझीलचं, तिथल्या तुपी भाषेत अकाजू, पोर्तुगीजांनी केलं काजू, आणि झाड आपल्या किनाऱ्यावर आणलं तेपण त्यांनीच. म्हणजे मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आपण आहोत, इंग्रजी नाही. कॅश हा शब्द वेगळाच, तो पैशाच्या पेटीच्या फ्रेंच नावावरून आलाय.

शंका आली तर एक सोपी तपासणी करा, आतला शब्द काढून टाका आणि उरलेल्याला काही अर्थ आहे का बघा. कॅश काढली की उरतं ई-डब्ल्यू, गूस काढला की उरतं मॉन, म्हणजे फोड चुकलीय. पण फणसाला ही तपासणी फसते हां, जॅकफ्रूटमधून जॅक काढला तर फ्रूट उरतं आणि ते खरंच फ्रूट आहे, तरी जॅक नावाचा कुणी माणूस त्यात नाही. मल्याळममध्ये फणस म्हणजे चक्का, पोर्तुगीजांनी केलं जाका, त्याचं झालं जॅक. मँगोतला मॅनपण असाच, मल्याळम मांगावरून आलेला.

तारकर्लीला बोटीतून फिरणारे कॅटमरानमध्ये मांजर शोधतात. तमिळ कट्टुमरम, कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड, ओंडके एकत्र बांधलेलं तरांडं. मान्सूनमध्ये सूनपण नाही आणि मूनपण नाही, अरबी मौसिम आहे. अरबी खलाशी वाऱ्याचा हंगाम बघून गलबतं हाकायचे तो मौसिम, आणि आपण मोसमी वारे म्हणतो तोच शब्द.

आता आयलंड. सिंधुदुर्ग किल्ल्यावर निबंध दिला की निम्म्या वह्यांत एस गाळलेला असतो. मी लाल खूण करते पण ओरडत नाही, कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दात एस नव्हताच. लॅटिन इन्सुलावरून आलेल्या आइल या दुसऱ्याच शब्दाशी गल्लत करून लोकांनी तो नंतर घुसवला. हे कारण सांगितलं की मुलं तो एस विसरत नाहीत, नुसतं दहा वेळा लिहून घेतलं की विसरतात.

एवढं कळलं की उलटी चूक सुरू होते, प्रत्येक फोड खोटीच वाटायला लागते. तसं नाही. ब्रेकफास्ट म्हणजे खरोखर रात्रीचा उपास मोडणं. वूमनमधून मॅन काढला तर उरलेल्या वोला काही अर्थ दिसत नाही, म्हणजे वरची तपासणी इथेही फसते, पण त्यात मॅन खरंच आहे, फक्त जुन्या इंग्रजीत मॅन म्हणजे कुठलंही माणूस, बाईसुद्धा. पण फीमेलमधला मेल खोटा, लॅटिन फेमेल्ला फ्रेंचमधून येताना मेलच्या शेजारी बसून तसा दिसायला लागला.

त्यामुळे डिक्शनरीत अर्थाच्या खाली ओरिजिन दिलेलं असतं ते वाचायची सवय लावा, मोबाइलवरपण दिसतं. आणि समुद्रातून आलेल्या-गेलेल्या वस्तूचा शब्द असेल तर त्याआधी घरात विचारा. कोप्रा या शब्दात कॉप शोधत बसलेल्या एका मुलाला मी आजीकडे पाठवलं, बाजारात सुकं काय विकतात ते विचारून ये म्हटलं, तर तो दारातूनच ओरडला, बाई, खोबरं!