आवाज ठणठणीत, चित्र मात्र अडखळतंय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की हाक मला येते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकांची आली. मुलाने परदेशातून नातीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाठवला होता, आयफोनवर ४के मध्ये काढलेला. काकांच्या पडद्यावर नात सुरी उचलायची, चित्र तिथेच थिजायचं आणि पुन्हा हललं की केक कापून झालेला असायचा. मागचं गाणं आणि टाळ्या मात्र अखंड चालू.

"अरे, आत्ताच तर रॅम दुप्पट करून घेतली. दुकानदार म्हणाला, आता पळेल बघा! आणि नेटचा प्लॅनही मोठा घेतला," काका वैतागले होते.

व्हिडिओ त्यांच्याच हार्ड डिस्कवर उतरवलेला होता, म्हणजे नेटचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. रॅमचाही जवळपास नव्हताच. दुखणं न तपासता औषध आणायचं, ही या बाबतीतली सर्वांत महागडी चूक.

तपासणी फुकटची आणि कानाची आहे. पडद्यावर गोल चकती फिरते, चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, तेव्हा नेटकडे बघा. आवाज सुरळीत आणि चित्र तुटक असेल तर नेटवाल्याला फोन करू नका. डेटा पोचलेला आहे, कॉम्प्युटरला तो वेळेत उलगडता येत नाहीये.

उलगडायचं म्हणजे काय? ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर जवळपास ५० कोटी ठिपके. एवढं सगळं जसंच्या तसं साठवणं परवडत नाही, म्हणून व्हिडिओ घट्ट घडी घालून ठेवतात. घडी घालण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ मध्ये आलेला एच.२६४ हा सगळ्यांच्या ओळखीचा. २०१३ चा एचईव्हीसी त्याहून घट्ट आणि २०१८ चा एव्ही१ आणखी घट्ट. घडी जितकी घट्ट, तितकी उलगडायला मेहनत. ही मेहनत करायला ग्राफिक्स चिपमध्ये खास वेगळा भाग असतो. त्याला ती घडी ठाऊक असली तर ४के सुद्धा लीलया चालतं. नसली तर सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर येतं, आणि जुना प्रोसेसर त्याखाली वाकतो.

इंटेलपुरतं बोलायचं तर एचईव्हीसी नीट उलगडायची सोय २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली, रंगांच्या जास्त छटा टिपणारा १० बिटचा एचईव्हीसी सातवीपासून आणि एव्ही१ अकरावीपासून. पिढी ओळखायची तर नावातल्या डॅशनंतरचा आकडा बघा: आय३-४१७० म्हणजे चौथी, आय५-११४०० म्हणजे अकरावी. काकांकडे चौथीच होती. आयफोन मात्र नेहमीच्या सेटिंगवर एचईव्हीसीतच चित्रण करतो, आणि एचडीआर (उजेड-सावलीतला जास्त तपशील टिपणारी सोय) चालू असेल तर १० बिटमध्ये. तिथे रॅम काय करणार बिचारी!

खात्री करून घ्यायची तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) जा आणि व्हिडिओ लावा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभराला टेकलेला दिसला तर निदान झालं. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल-जे दाबलं की कोडेकचं नावही कळतं.

आता दुसरी चूक, जी मला सगळ्यात जास्त चिडवते. व्हिडिओ अडखळला की लोक 'कोडेक पॅक' शोधायला निघतात आणि कुठल्यातरी साइटवरचं हिरवं बटण दाबून मोकळे होतात. मग ब्राउझरचं होमपेज बदलतं, कोपऱ्यात जाहिराती नाचायला लागतात. व्हीएलसीत लागणारे कोडेक आधीच भरलेले असतात. आणि चिपला जी घडी येत नाही, ती कुठलाही पॅक तिला शिकवू शकत नाही.

विंडोज नव्याने टाकल्यावर व्हिडिओ बिघडला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडून बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला चिपकडून काम करून घ्यायला शिकवणारा प्रोग्रॅम, टाकायचाच राहून गेलाय. चांगली चिप असून ती हात बांधून बसलेली असते. फॉरमॅट मारून देणारे ही पायरी किती वेळा विसरतात, विचारू नका. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

फक्त यूट्यूबच अडखळत असेल तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत 'एव्ही०१', म्हणजे एव्ही१, दिसतंय आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा भराभर वाढतोय, तर मशीनला ते झेपत नाहीये. यूट्यूब एच.२६४ फक्त १०८०पी (उभ्यात १०८० ठिपके) पर्यंतच देतं, त्यामुळे जुन्या मशीनवर १४४० किंवा ४के निवडण्याचा हट्ट सोडा. तसंही १३६६ गुणिले ७६८ च्या लॅपटॉपवर ४के लावणं म्हणजे वाटीत घागर ओतणं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना, तेही बघा. कधीतरी स्क्रीन काळी पडते म्हणून ते बंद केलेलं असतं, आणि नंतर कुणाला आठवत नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं छान आणि मग हळूहळू रडगाणं, असं होत असेल तर उष्णता तपासा. पंख्यात धूळ, लॅपटॉप गादीवर, चार्जर काढलेला आणि बॅटरी सेव्हर चालू: प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. पेन ड्राइव्हचा संशय असेल तर फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करून लावून बघा, मिनिटभराचं काम.

आणि काही वेळा दोष कुणाचाच नसतो. आपल्याकडे लग्नाचं शूटिंग बऱ्याचदा सेकंदाला २५ फ्रेमने होतं, मॉनिटर मात्र ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारा. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा मांडवावरून संथ फिरला की चित्राला बारीक हिसके जाणवतात. मॉनिटरला ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो लावून बघा, नसेल तर फोटोग्राफरशी भांडू नका.

काकांसाठी नवा कॉम्प्युटर सुचवायचं माझ्या जिवावर आलं. व्हिडिओ घरी आणला, हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून १०८०पी, एच.२६४ मध्ये काढला आणि परत दिला. मुलालाही कळवलं की फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड. त्यात ४के ६० फ्रेमने काढता येत नाही, पण काकांना त्याचं काय?

संध्याकाळी व्हिडिओ लावला. नातीने सुरी उचलली, केकवर ठेवली, कापला, सगळं सलग. काका खुर्चीत पुढे सरकले. "अगं, ऐकलंस का," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ही तर तुझ्यासारखीच डावखुरी आहे!"