मार्क ऑफ द निन्जा पहिल्यांदा खेळताय? आधी आवाज बघायला शिका

लालबागच्या चाळीत, एका खोलीत सगळे झोपलेत आणि तुम्हाला गेम खेळायचाय, म्हणजे आवाज बंद करूनच खेळावं लागतं, आणि चोरपावलांच्या गेममध्ये आवाज बंद म्हणजे अर्धा गेम गेला. मार्क ऑफ द निन्जाचं तसं नाहीये, ह्यात आवाज डोळ्यांना दिसतो. व्हँकुव्हरच्या क्लेई कंपनीने २०१२ मध्ये काढलेला टू-डी (बाजूने सपाट दिसणारा) गेम आहे, २०१८ ला रीमास्टर्ड म्हणजे सुधारलेली आवृत्ती आली, निन्टेन्डोच्या स्विचवर पण आहे. हिसोमू ह्या निन्जा घराण्याच्या डोजोवर (निन्जांच्या तालमीच्या जागेवर) बंदूकवाले चाल करून येतात, ओरा नावाची साथीदार आपल्या निन्जाला झोपेतून उठवते आणि तिथून बदल्याची गोष्ट सुरू. स्टोरी एवढीच सांगतो, पुढचं स्वतःच बघा.

तर पहिली गोष्ट, धावू नका. धावलात की पायाभोवती गोल वर्तुळ उमटतं, ते वर्तुळ गार्डपर्यंत पोचलं की त्याने ऐकलंच समजा. सावकाश चाललात तर काही नाही. आपली आजी दाराजवळ झोपलेली असताना रात्री पाणी प्यायला उठतो ना, अगदी तसं चालायचं. बंद दारामागे कोणी फिरत असेल तर त्याच्या पावलांचे तरंग पण दिसतात, म्हणून दार उघडायच्या आधी दोन सेकंद थांबा, खरंच थांबा, माझी निम्मी मरणं ह्या घाईतच झालीत.

दुसरं उजेड. अंधारात निन्जा काळा दिसतो, उजेडात आला की त्याचे रंग दिसायला लागतात, त्यामुळे लपलोय की नाही हे वेगळं शोधावं लागत नाही. बांबूच्या डार्टने दिवे फोडा, पण फुटल्याचा पण आवाज होतो आणि गार्ड बघायला येतो. हे मुद्दाम वापरायचं, त्याला तिकडे पाठवायचं आणि आपण वरून सटकायचं. फोकस बटण दाबलं की वेळ थांबतो, निवांत नेम धरा.

बघितलं कोणी तर लढायला उभे राहू नका, बंदुकीपुढे हा निन्जा टिकत नाही. तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथे तुमची आकृती उमटते आणि गार्ड तिथेच शोधत जातात, तेवढ्यात ग्रॅपलने (दोरीच्या आकड्याने) वर चढून दुसऱ्या बाजूने त्यांच्या मागे या. कुत्र्यांपासून मात्र जपून, अंधारात पण त्यांना वास येतो.

मारताना बटणासोबत दिशा पण बरोबर दाबावी लागते, चुकली की समोरचा ओरडतो आणि सगळा मजला जागा होतो. आणि प्रेत तसंच टाकून जाऊ नका, लपवा.

पण माझं मत विचाराल तर मारूच नका. कोणालाही न मारता लेव्हल संपवली की मोठा बोनस मिळतो, अलार्म वाजू दिला नाही तर त्याचा वेगळा, आणि स्कोअर वाढला की अपग्रेड पण लवकर मिळतात. बदल्याच्या गेममध्ये एकाच्याही अंगाला हात न लावता अख्ख्या इमारतीतून पार होणं ह्यात जी मजा आहे ती तलवारीत नाहीये. पुढे पाथ ऑफ सायलेन्स नावाचा पोशाख मिळाला की तलवार जाते पण धावलं तरी पाय वाजत नाहीत, मी तोच घालतो.

एकदा संपवून न्यू गेम प्लस, म्हणजे तोच गेम परत पण अजून अवघड, लावलं की आवाजाची वर्तुळं गायब आणि तोंड असेल तेवढ्याच दिशेचं दिसतं. तेव्हा मात्र हेडफोन लागेलच.