पेरणीच्या दिवसांत विजेची चाहूल : खिशातला रेडिओ कामाला येतो

सांवेर-देपालपूरकडे शेती असलेल्या इंदूरच्या मंडळींची वखरणी आता उरकली असेल. सोयाबीन चार इंच पाऊस झाल्यावरच पेरायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधीचे वळवाचे ढग पाण्यापेक्षा विजेच्या बाबतीत जास्त घातक असतात. वीज पडून दगावणाऱ्यांत मध्य प्रदेशाचा आकडा देशात सर्वांत वरच्यांपैकी असतो, आणि त्यांत रानात राबणारी माणसं फार.

गडगडाट ऐकू येतो तो फार तर 15-20 किलोमीटरवरून. म्हणजे तो कानावर पडला, की तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी मात्र शेकडो किलोमीटर जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची केंद्रं त्याच टिपतात. लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात 300 मीटर जाते. कुठल्या केंद्रावर ती किती आधी पोचली, यावरून जागा काढतात. विजेचा इशारा देणारं त्यांचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असायलाच हवं.

शेतात नेटवर्क नसेल, तर सेलवर चालणारा रेडिओ न्या. मीडियम वेव्हवर, स्टेशन नसेल अशा जागी काटा ठेवा. एफएमवर हे जमत नाही. सुटा ‘खर्र’, मग शांतता, मग परत ‘खर्र’, अशी वीज ओळखू येते. सलग गुरगुर असेल तर ती मोटरची किंवा तारांची. आता रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हचा अँटेना, बहुधा रेडिओच्या लांबीतच असते. खरखर सर्वांत कमी होईल तेव्हा रेडिओची लांबी विजेच्या रेषेत असते. दोन टोकांपैकी कुठलं, ते आभाळ पाहून ठरवा. अंतर यातून कळत नाही. रात्री तर फारच लांबची खरखर येते, म्हणून हा अंदाज दिवसाच घ्यावा.

खरखर वाढत चालली आणि त्या बाजूला आभाळ भरलं, की गडगडाटाची वाट पाहू नका. बैल सोडा, पक्क्या घरात जा. एकट्या आंब्याखाली, महूखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापासून लांब राहा, स्टार्टरला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये, मग तिफण कितीही खोळंबो.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बेलाशक हात लावा, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा, आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.