जुना प्रोजेक्टर घेताना आधी दात बघा
निपाणी-बेळगावकडे भंगारात १६ एमएमचा (म्हणजे १६ मिलिमीटर रुंद फिल्म चालवणारा) प्रोजेक्टर सापडलाच, तर लगेच प्लग लावू नका. आधी हाताने फिरवून यंत्रणा मोकळी आहे का ते बघा. जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, मोटरने जोर लावला की आतला गिअर तुटतो. मग फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दात. दोन्ही कडांना दात असतील तर ते मूकपटांचं मशीन. बोलपटाच्या फिल्मला भोकं एकाच कडेला असतात, त्यामुळे तिथं ती फाटणारच. माझं एक रीळ असंच गेलं! खानापूरकडच्या पावसात भिंगाला बुरशी धरते, टॉर्च मारून पाहा. फिल्मच्या रिळाचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा.