मुंबई ते लंडन : विमानप्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे आठ तासांत पोहोचेल, असा हिशेब अनेकजण मांडतात आणि मग तिकिटावरच्या वेळा पाहून गोंधळतात.

सर्वांत मोठी चूक तिकीट वाचण्यातच होते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. समजा, विमान जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ६ वाजता पोहोचते. हा प्रवास पाच तासांचा नव्हे. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे ते मिळवून साडेनऊ तास होतात. परतीला रात्री साडेनऊला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता मुंबईत उतरले, तर साडेतेरा तासांतून साडेचार वजा करावेत, म्हणजे प्रवास नऊ तासांचा निघतो. हा फरक वर्षभर सारखा राहत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे केली जातात. भारतात तसे काही होत नसल्याने हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. दिवाळीच्या सुमारास प्रवास करणाऱ्यांनी तर हा रविवार कॅलेंडरवर आधी पाहूनच हिशेब करावा.

नुसते अंतर भागिले वेग हे गणितही फसवे आहे. सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ते हिवाळ्यात अधिक जोर धरतात. म्हणून लंडनला जाताना विमानाला समोरचा वारा झेलावा लागतो आणि परतताना त्याचीच मदत होते. शिवाय विमान नेहमी सर्वांत जवळच्या मार्गाने जाईलच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना मोठा वळसा पडू लागला. वेळापत्रकातल्या कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोहोचण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे तो प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा जास्तच दिसतो.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख हा तर दरवेळी चुकणारा विषय. तिकिटावर १५ तारीख आणि ००:३० अशी वेळ असेल, तर घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघावे लागते. १५ तारखेच्या रात्री विमानतळावर गेल्यास विमान आदल्या रात्रीच गेलेले असते.

‘डायरेक्ट’ शब्दावरही विसंबू नये. एकाच क्रमांकाचे विमान वाटेत थांबले तरी त्याला डायरेक्ट म्हटले जाते, म्हणून ‘नॉनस्टॉप’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. दुबई किंवा दोह्याला विमान बदलायचे असेल, तर एकूण कालावधीत तिथला मुक्कामही धरावा. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिले विमान लांबल्यास दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. न्यायला येणाऱ्या नातेवाइकांना उतरण्याची वेळ लंडनच्या घड्याळाप्रमाणे आणि विमानतळाच्या नावासह कळवावी, कारण हीथ्रो आणि गॅटविक हे दोन वेगळे विमानतळ असून इमिग्रेशन व सामान यांत त्यापुढेही बराच वेळ जाऊ शकतो.