मेमरी हॉटप्लगच्या कोडमध्ये पहिल्यांदा शिरताना: कॅन्सल सगळ्यांना येतो

म्युटेक्स, सेमाफोर, गोटूची लेबलं हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. लिनक्स कर्नलच्या मेमरी हॉटप्लगमध्ये, म्हणजे यंत्र चालू असतानाच मेमरी जोडण्या-काढण्याच्या कोडमध्ये, तेवढ्यावर भागत नाही. मला हा कोड समजायला फार वेळ लागला आणि अजूनही तो उघडताना धाकधूक होते. म्हणून हे नीट सांगायचंय.

आधी लॉकचा क्रम. बाहेर डिव्हाइस हॉटप्लग लॉक, त्याच्या आत मेम हॉटप्लग लॉक. बाहेरचं कशाला, असं वाटतंच. सिसएफएसमधून (कर्नलची सेटिंग्ज फाइलींसारखी दाखवणारी जागा) कुणी मेमरीचा ब्लॉक ऑनलाइन, म्हणजे वापरात, आणायला गेलं की आधी त्या ब्लॉकच्या डिव्हाइसचं स्वतःचं लॉक घेतलं जातं, मग मेम हॉटप्लगचं. नवी मेमरी जोडताना नेमकं उलटं होतं: मेम हॉटप्लगचं लॉक हातात असतानाच डिव्हाइस तयार होतं आणि त्याचं लॉक घेतलं जातं. दोघं एकाच वेळी आले तर डेडलॉक ठरलेला, म्हणून बाहेरचं लॉक त्यांची गाठच पडू देत नाही. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. ते पान न वाचता या कोडला हात लावू नका.

आता खरा सापळा. ब्लॉक ऑनलाइन करण्याआधी कर्नल नोंदवलेल्या कॉलबॅकना (अशा वेळी बोलवा म्हणून ड्रायव्हरनं दिलेली फंक्शन्स) 'गोइंग ऑनलाइन' असं ओळीनं कळवतो. त्यातल्या एकानं नकार दिला की साखळी तिथंच थांबते. मग 'कॅन्सल ऑनलाइन' जातो, पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना जातो. समजा तीन कॉलबॅक आहेत. पहिल्यानं लॉक घेतलं, दुसऱ्यानं नकार दिला, तिसऱ्याला 'गोइंग' पोचलंच नाही. तरी कॅन्सल तिघांनाही येणार! तिसऱ्यानं तिथं डोळे झाकून अनलॉक केलं, तर कधी घेतलंच नव्हतं ते लॉक तो सोडतोय. दुसऱ्याची गोष्ट आणखी नाजूक: नकार देताना त्यानं आपलं आवरलं असेल, तर कॅन्सलमध्ये तेच पुन्हा आवरायचं नाही. ऑफलाइनच्या बाजूलाही हेच लागू.

व्हर्टिओ-मेम ड्रायव्हर (व्हर्च्युअल मशीनची मेमरी कमीजास्त करणारा), जो कर्नलच्या 5.8 आवृत्तीत आला, तो यासाठी वाचा. 'गोइंग'मध्ये तो स्वतःचा म्युटेक्स घेतो, 'हॉटप्लग ॲक्टिव्ह' ही खूण खरी करतो आणि कॅन्सल आला की आधी ती खूण बघतो. खूण नसेल तर काही न करता बाहेर. एवढीशी तपासणी, पण सगळी एरर हँडलिंग तिच्यावर उभी आहे. त्याच फाइलमध्ये लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुकांचा इशारा देणारी कर्नलची तपासणी) थोडा वेळ बंद केलेलाही दिसेल. ती युक्ती उचलू नका. तिथं इशारा खोटा का आहे, याचं कारण वर कॉमेंटमध्ये दिलंय. तुमच्याकडे तसं कारण नाही. लॉकडेप गप्प करून पॅच पाठवणं मला अजिबात पटत नाही.

मार्गदर्शकांबद्दलही एक मत आहे. तयार दुरुस्ती हातात देणाऱ्यापेक्षा 'या लेबलवर उडी मारताना कुठली लॉक्स हातात आहेत?' असं विचारणारा शोधा. नाही मिळाला तर प्रत्येक लेबलशेजारी हे उत्तर स्वतः लिहा.

ऑफलाइन करताना 'बिझी' आलं तर घाबरू नका. बहुतेकदा हलवता न येणारं एखादं मेमरीचं पान त्या ब्लॉकमध्ये असतं. अशा वेळी आयसोलेशन (त्या ब्लॉकमधली पानं नव्यानं कुणाला न देणं) मागं घेऊन कर्नलनं नकार देणं हेच बरोबर वागणं आहे.

सराव क्यूईएमयूमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, करा. लहान व्हीएममध्ये ब्लॉक 128 एमबीचा असतो, तो बिनधास्त खालीवर करता येतो. चुका मुद्दाम घडवायला कर्नलमध्येच मेमरी नोटिफायर एरर इंजेक्ट हे मॉड्यूल आहे: डीबगएफएसमध्ये (डीबगिंगसाठीच्या कर्नलच्या फाइली) 'गोइंग ऑनलाइन'च्या एरर फाइलमध्ये -12, म्हणजे 'मेमरी नाही' हा एरर कोड, लिहा. इथं फसगत होते ती अशी. मोठ्या प्रायॉरिटीचा कॉलबॅक आधी बोलावला जातो, सारखी असेल तर आधी नोंदवलेला; आणि मॉड्यूलची प्रायॉरिटी मुळात शून्य. तुमचा कॉलबॅकही शून्यावर आणि आधी नोंदवलेला असेल, तर मॉड्यूल तुमच्यानंतर नकार देतं. तुम्हाला 'गोइंग' आणि कॅन्सल दोन्ही मिळतात आणि सगळं छान दिसतं. मॉड्यूल काढून मोठ्या प्रायॉरिटीनं पुन्हा लोड करा, म्हणजे तुम्हाला फक्त कॅन्सल येईल. दोन्ही चाचण्या झाल्या की एरर शून्य करून तोच ब्लॉक पुन्हा ऑनलाइन करा. आधीच्या अपयशात लॉक अडकून राहिलं असेल, तर कमांड इथं लटकते.